आईबाबांसाठी कॅव्हेलियर स्पॅनियल: फ्लॅटमध्ये जमेल का?

तिसरा_मजला:
ठाण्यात वन बीएचके, लिफ्ट आहे. बाबा ७१, आई ६६. ओढाओढ करणारा कुत्रा दोघांनाही झेपणार नाही, म्हणून कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलचा विचार चाललाय. एसी दिवसभर लागतो का? बाबांचं सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटांचं फिरणं त्याला पुरेल का? आणि पिल्लू घेताना काय बघायचं? एक ब्रीडर 'ब्लेनहाइम, इम्पोर्टेड लाइन' म्हणून बरेच चढे पैसे सांगतोय.

लांबकान:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. बाकीचं नंतर निस्तरता येतं, हे येत नाही.

रंगाचे जास्त पैसे देऊ नका. ब्लेनहाइम म्हणजे पांढऱ्यावर तांबूस. ट्रायकलर, रुबी आणि ब्लॅक अँड टॅन हे उरलेले तीन मान्य रंग. पैसे मोजायचेच तर पिल्लाच्या आईबापांच्या हृदयाच्या रिपोर्टसाठी मोजा. या जातीत हृदयाची मायट्रल झडप लवकर झिजते, नीट मिटत नाही आणि रक्त उलटं सरकतं. स्टेथोस्कोपमधून तो आवाज मर्मर म्हणून ऐकू येतो. पाचव्या वर्षापर्यंत साधारण निम्म्या कॅव्हेलियरना मर्मर असतो, दहाव्या वर्षी जवळपास सगळ्यांना. म्हणून चोख ब्रीडर अडीच वर्षांच्या आत जोडी लावत नाहीत, आणि पिल्लाचे आजी-आजोबा पाच वर्षांचे होईपर्यंत मर्मरशिवाय होते का हेही बघतात. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या जातीचं प्रजनन प्राणीकल्याण कायद्याविरुद्ध ठरवलं, ते अशाच आनुवंशिक दुखण्यांमुळे.

तेव्हा ब्रीडरला विचारा: मादीचं वय किती, नराचं किती, दोघांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी झाला, कागद कुठे आहे. 'आमच्याकडे कुणालाच त्रास नाही' हे उत्तर नव्हे, कारण मर्मर असलेला कुत्रा कित्येक वर्षं मजेत हुंदडतो. केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडिया) कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. मायक्रोचिपचा नंबर कागदाशी जुळवून घ्या. 'इम्पोर्टेड' म्हणत असेल तर आयातीचे कागद मागा; धंद्यासाठी प्रजनन करायला कुत्री आणण्यावर केंद्राने २०१६ मध्ये निर्बंध घातले. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं २०१७ च्या नियमांत बसत नाही, म्हणजे 'पाच आठवड्यांचं आहे, आत्ताच घेऊन जा' म्हणणाऱ्याशी पुढे बोलायचंच नाही.

न विचारता एक सल्ला: पिल्लूच हवं असा हट्ट नसेल तर चार-पाच वर्षांचा, हृदय तपासलेला कुत्रा बघा. पिल्लाला सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी शी-शूसाठी न्यावं लागतं, रात्रीसुद्धा. सत्तरीत ते सोपं नाही.

दुपारची_सावली:
लांबकान यांना +१. आता उकाड्याचं.

दिवसभर एसी लागत नाही, पण दुपारी लागतो. कुत्रा अंगभर घाम काढत नाही, धापा टाकून तोंडातलं पाणी उडवतो आणि त्यातून गार होतो. ठाण्याच्या दमट हवेत ते पाणी लवकर उडतच नाही, त्यामुळे नुसत्या पंख्याचा त्याला आपल्याइतका उपयोग नाही. मे आणि ऑक्टोबर हे दोन महिने सांभाळायचे. ओला टॉवेल पाठीवर पांघरू नका, उष्णता आत कोंडते. तो गार लादीवर त्याच्या पोटाखाली ठेवा. अंगावरचे केस भादरू नका, कातडीला ऊन थेट लागतं.

फिरणं सकाळी सातच्या आत, संध्याकाळी साडेसातनंतर. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर परत फिरायचं. वीस-वीस मिनिटं पूर्ण वाढलेल्या कॅव्हेलियरला पुरतात. मात्र घरात शांत म्हणून रस्त्यावरही शांत असं समजू नका. शेवटी तो स्पॅनियल आहे, पक्ष्यांच्या शिकारीसाठी वापरलेली जात. कबुतर दिसलं की रिक्षा दिसत नाही. पट्टा कायम हातात, आणि गळ्यात न अडकवता छातीच्या हार्नेसला. या जातीत कवटीची मागची जागा अपुरी पडून मणक्यात पाणी साठण्याचा आजार आहे, त्यात मान दुखरी असते. चालता चालता मागच्या पायाने मानेजवळ हवेतच खाजवायला लागला, पाय अंगाला टेकतच नाही, तर गोचीड शोधत बसू नका, न्यूरॉलॉजी (मेंदू-मज्जातंतूंचे आजार) बघणाऱ्या व्हेटकडे न्या.

जीभ रुंद होऊन टोकाला वळली, हिरड्या गडद लाल झाल्या, लाळ चिकट झाली, की पोटावर आणि पायांवर नळाचं पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच निघा. बर्फ शोधण्यात वेळ घालवू नका.

जटा_सोडवा:
केसांचं कोणी लिहिलं नाही. रोज पाच मिनिटं, स्टीलचा कंगवा. जटा तीनच ठिकाणी होतात: कानामागे, काखेत, मांड्यांच्या मागे. वरवर ब्रश फिरवून कुत्रा चकाचक दिसतो आणि खाली नमदा तयार होत असतो. पंजाच्या गाद्यांमधले केस महिन्यातून एकदा कापा, नाहीतर गुळगुळीत लादीवर पाय घसरतो.

कान आठवड्यातून एकदा, व्हेटने दिलेल्या द्रावणाने. इअरबड नको. पावसात भिजून आला तर आधी कान कोरडे करायचे. जेवताना कान वाटीत बुडतात. खोल, अरुंद भांडं घ्या किंवा जुन्या मोज्याचा वरचा भाग कापून डोक्यावरून कानांवर चढवा.

आणि वजन. सात किलोच्या कॅव्हेलियरला दिवसाला साधारण ४०० कॅलरी लागतात, म्हणजे १०० ग्रॅमला ३७० कॅलरी असलेलं कोरडं खाणं ११० ग्रॅमच्या आसपास. वाटीने नको, काट्यावर मोजून. बाबांनी मायेने दिलेली एक पोळी म्हणजे त्यातला पाव वाटा. कांदा-लसणाची भाजी आणि बेदाणे घातलेला शिरा अजिबात नाही.

तिसरा_मजला:
सगळ्यांचे आभार. वयाने मोठाच कुत्रा बघतो. पण हृदय बिघडणारच असेल तर आईबाबांनी घरी लक्ष कशावर ठेवायचं?

लांबकान:
झोपेतल्या श्वासांवर. गाढ झोपलेला असताना ३० सेकंद मोजा, छाती वर जाऊन खाली आली की एक, मग दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या आत हवेत. वही करा, आठवड्यातून दोनदा लिहा. एरवी २० असणारा आकडा सलग ३० च्या वर दिसला तर त्याच दिवशी व्हेट, खोकल्याची वाट बघायची नाही.

वर्षातून एकदा स्टेथोस्कोप, मर्मर सापडला की इको. हृदय वाढलेलं दिसलं तर लक्षणं नसतानाही पिमोबेंडन हे हृदयाचं औषध सुरू करतात. २०१६ च्या एपिक नावाच्या औषध-चाचणीत त्याने हार्ट फेल्युअर सरासरी पंधरा महिने लांबलं. 'अजून ठणठणीत आहे, औषध कशाला' हा युक्तिवाद इथे चालत नाही.

गोचीडतापाबद्दलही सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे तो सर्रास आहे. बऱ्याच कॅव्हेलियरमध्ये प्लेटलेट जन्मतःच कमी आणि आकाराने मोठ्या असतात. त्याने काही बिघडत नाही, पण लॅबचं मशिन त्या मोजायला चुकतं, रिपोर्टवर आकडा घाबरवणारा येतो आणि ताप नसलेल्या कुत्र्याला महिनाभर डॉक्सीसायक्लिन (गोचीडतापाचं अँटिबायोटिक) सुरू होतं. आकडा कमी आला तर स्लाइड हाताने बघायला सांगा. ताप, फिक्या हिरड्या, खाणं सुटणं यातलं काही सोबत असेल तर पीसीआर (रक्तात गोचीडतापाचे जंतू शोधणारी तपासणी) करून घ्या. तब्येत उत्तम असतानाच एकदा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून तो कागद फाइलीत पहिल्या पानावर लावा, म्हणजे नव्या व्हेटला त्याचा नेहमीचा आकडा कळेल.