मदत हवी आहे: आईसोबत व्हिएन्टिआनचे चार दिवस

नमस्कार मंडळी,

डिसेंबरमध्ये आईला घेऊन लाओसला जातेय. बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेने थायलंडच्या सीमेवरचं नोंग खाय, मग मेकाँगवरचा 1994 चा मैत्री पूल ओलांडून लाओसची राजधानी व्हिएन्टिआन. आई 68 वर्षांची आहे, गुडघे दुखतात आणि पूर्ण शाकाहारी आहे. गर्दीचं ठिकाण नको, नदीकाठी निवांत बसता येईल असं शहर हवं, हा तिचाच हट्ट.

सगळ्यात मोठी काळजी जेवणाची. तिथल्या पपईच्या कोशिंबिरीतसुद्धा पादेक, म्हणजे आंबवलेल्या माशांचं पाणी घालतात, असं कळलं. 'मासे नकोत' एवढं सांगून भागतं का? लाओ भाषेत नेमकं काय म्हणायचं, कुणी देवनागरीत लिहून द्याल का? भात-वरण मिळेल अशी जागा माहीत असेल तर फारच बरं.

वाट सि साकेत हे बौद्ध मंदिर आणि फा थात लुआंग हा स्तूप नक्की बघणार. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घेतलेत. पातुसाय या विजय कमानीच्या पायऱ्या मात्र आईला नको. बुद्ध पार्क हे मूर्तींचं उद्यान शहरापासून साधारण 25 किलोमीटरवर आहे. बसने जावं की टुकटुक ठरवावी? परत येईपर्यंत टुकटुकवाला थांबतो का?

एक दिवस वाढवून नव्या रेल्वेने उत्तरेकडचं लुआंग प्राबांग शहर गाठावं असंही मनात आहे. प्रवास दोनेक तासांचाच, पण स्टेशन शहराबाहेर आहे. सामान आणि आईला घेऊन तिथवर जाणं जमेल का? तिकीट किती दिवस आधी काढलंत?

ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी जरूर लिहा.