मदत हवी आहे: वेल्डर भावाच्या एमआरआयमध्ये मँगनीजचा संशय (नागपूर)

नमस्कार मंडळी,

माझे मोठे भाऊ वेल्डर आहेत, पन्नाशीच्या आतले. हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहान शेडमध्ये गिट्टी क्रशरच्या जॉ प्लेटवर (दगड चिरडणाऱ्या जबड्याच्या पट्ट्यांवर) हार्डफेसिंग करतात, म्हणजे झिजलेल्या भागावर वेल्डिंगनं कडक धातूचा थर चढवतात. या प्लेटा मँगनीज स्टीलच्या, म्हणजे त्यात १२-१३ टक्के मँगनीज, आणि वरून चढवायच्या रॉडमध्येही तेच. शेडला खिडकी एकच. उन्हाळ्यात कूलर लावला की सगळा धूर तोंडावर. तोंडाला काय, तर दुपट्टा.

गेल्या दिवाळीपासून चाल बदलली. पुढे बरे चालतात, पण दोन पावलं मागे सरका म्हटलं की भेलकांडतात. टाचा टेकत नाहीत, चवड्यांवर चालल्यासारखे चालतात. आवाज बसका झालाय. बँकेतून चेक परत आला तेव्हा सही नीट पाहिली: पहिलं अक्षर नेहमीचं, आडनावापर्यंत मुंगीएवढं झालेलं. शांत माणूस, पण हल्ली वहिनींवर विनाकारण खेकसतात. हात मात्र फारसे थरथरत नाहीत.

डॉक्टरांनी पार्किन्सन धरून लेवोडोपा सुरू केलं, काडीचा फरक नाही. मग एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये दोन्हीकडच्या ग्लोबस पॅलिडसमध्ये (मेंदूच्या आतला, हालचालींशी संबंधित भाग) टी-वनवर वाढलेला सिग्नल, टी-टू नॉर्मल (टी-वन, टी-टू म्हणजे एमआरआयच्या चित्रांचे दोन प्रकार), आणि शेवटी 'क्लिनिकली कोरिलेट करावे', म्हणजे लक्षणांशी ताडून पाहा. आता कोरिलेट कशाशी करणार, दादा काम काय करतात हे कोणी विचारलंच नाही! मीच शोधलं तेव्हा मँगनीजची विषबाधा हे कारण सापडलं. १८३७ साली ग्लासगोच्या जॉन कूपर नावाच्या डॉक्टरांनी मँगनीज दळणाऱ्या कामगारांमध्ये हेच वर्णन केलं होतं म्हणे.

आता पुढे कोणती तपासणी करू? दादांना कामावरून थांबवलंय, पण घर त्यांच्याच पगारावर चालतं.

प्रतिसाद: फिल्मवाली

मी एमआरआय सेंटरवर टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, हे आधी सांगते. टी-वनवर पॅलिडस उजळ दिसला म्हणजे मँगनीजच, असं लगेच धरू नका. मँगनीज यकृतातून पित्तावाटे बाहेर पडतं, त्यामुळे सिरॉसिसच्या (यकृत कडक होऊन निकामी होण्याच्या आजाराच्या) पेशंटमध्येही अगदी हेच चित्र दिसतं. आयसीयूत बरेच दिवस शिरेतून पोषण दिलेल्यांमध्येही. तेव्हा लिव्हर फंक्शन आणि पोटाची सोनोग्राफी आधी. कॅल्शियमनेही टी-वन उजळू शकतं, ते साध्या सीटीत कळतं. फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी) पण बघा, अंगात लोह कमी असलं की आतड्यातून मँगनीज जास्त शोषलं जातं.

सगळ्यात महत्त्वाचं, कागदी रिपोर्टवर थांबू नका, सेंटरकडून सीडी मागून घ्या. काम सुटलं की हा उजळपणा सहा महिने ते वर्षभरात ओसरतो, त्रास मात्र राहू शकतो. तेव्हाचा एमआरआय साफ येईल आणि समोरचा म्हणेल, काहीच नव्हतं. शेवटचं वेल्डिंग कोणत्या तारखेला केलं, तेही लिहून ठेवा.

पार्किन्सनपासून वेगळं काढायला न्यूक्लिअर मेडिसिनवाले ट्रोडॅट स्कॅन करतात, मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी कितपत शाबूत आहेत ते त्यात दिसतं. खऱ्या पार्किन्सनमध्ये त्यात कमतरता दिसते, मँगनीजमध्ये तो बहुधा नॉर्मलच्या जवळ येतो.

प्रतिसाद: कळंबचा भाचा

थोडं अवांतर. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तेव्हा माझे मामा वाचले. पण त्यानंतर झोप नाही, काही लक्षात राहत नाही. एमआरआय नॉर्मल. घरचे म्हणून राहिले, ढोंग करते बुढा. मग मेडिकल कॉलेजच्या एका डॉक्टरांनी समजावलं की फवाऱ्याचं औषध नसांच्या रसायनावर मारा करते, त्याचा डाग फोटोत दिसलाच पाहिजे असं नाही. तुमच्याकडे निदान फोटो तरी आहे भाऊ, तो जपा.

प्रतिसाद: जुना युनियनवाला

मँगनीजची विषबाधा कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत (कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत) होती; नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० च्या यादीतही ती आहे. त्याप्रमाणे असा रुग्ण आढळला की डॉक्टरांनी मुख्य निरीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवायचं असतं. ते आपसूक होत नाही, मागे लागावं लागतं. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर तिकडे व्यवसायजन्य आजार म्हणून अर्ज करा. नसेल तर नुकसानभरपाईची तरतूद आहे (आधी १९२३ च्या कायद्यात होती, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये), त्यातून लहान शेडवालेही सुटत नाहीत. मालक रोखीनं पगार देत असेल तर हजेरीवही, गेटपास, रॉडच्या बिलांचे फोटो आत्ताच काढून ठेवा. एकदा नोटीस गेली की हे कागद मिळत नसतात.

धागाकर्ता:

फार आभार. दादा दारूला शिवत नाहीत, पण सोनोग्राफी उद्याच करतो. सीडी मिळाली. रक्तातल्या मँगनीजसाठी लॅबमध्ये विचारलं तर साध्याच नळीत रक्त घेऊ म्हणाले. त्यासाठी धातूविरहित ट्रेस एलिमेंटची नळी लागते ना? नागपुरात ती कोणत्या लॅबमध्ये मिळते? कामावरून थांबून जितके दिवस जातील तितका रक्तातला आकडा उतरत जाणार, म्हणून घाई आहे.

आणखी एक. शेडमध्ये दादांच्या हाताखाली एक विशीतला पोरगा आहे, मध्य प्रदेशातून आलेला. त्याला काही त्रास नाही, पण तोच धूर, तोच कूलर. त्याचं रक्त सोबतच पाठवावं का?