पशुवैद्यक होऊन समाधान मिळतं का, आणि नेमकं कशात? (मुलीसाठी सल्ला हवा)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. लेक यंदा बारावी झाली. नीटचे गुण असे आहेत की सरकारी एमबीबीएस कठीण, बीएएमएस मिळेल आणि बी.व्ही.एस्सी.ची शक्यता बरी आहे. तिच्या स्वतःच्या यादीत बी.व्ही.एस्सी. पहिलं आहे. घरात मात्र दोन तट पडलेत. मी बँकेत, हे शिक्षक, दारात कधी शेळीसुद्धा बांधलेली नाही. सासूबाई म्हणतात हे मुलीचं काम नव्हे. दीर म्हणतात बीएएमएस घे, निदान नावापुढे माणसांचा डॉक्टर लागेल.

फी, जागा, पगार याची चौकशी झाली आहे. मला वेगळंच विचारायचंय. जे या कामात मुरलेत त्यांना सकाळी उठून कामावर जावंसं कशामुळे वाटतं? भूतदया, मुक्या जिवांचे आशीर्वाद ही उत्तरं कृपया नकोत, ती नातेवाइकांकडून भरपूर मिळाली. आणि निर्णय घ्यायच्या आधी तिने प्रत्यक्ष काय बघावं, तेही सुचवा.

माणदेशी_डॉक्टर

ताई, प्रश्न आवडला. मी सांगोल्याकडे खासगी प्रॅक्टिस करतो, बहुतेक गाई-म्हशी, थोडी शेरडं.

भूतदया बाजूला ठेवूनच सांगतो. एक केस घ्या. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) जातीची दुभती गाय रात्री व्यायली. सकाळी बसली ती उठेना. मान वळवून कुशीवर टाकलेली, कान गार, शेण नाही, डोळे अर्धे मिटलेले. घरातली माणसं समजतात गेली. हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग गार पडतं. चीक तयार करायला रक्तातलं कॅल्शियम एकदम कासेकडे ओढलं जातं आणि स्नायू काम करेनासे होतात. औषध म्हणजे कॅल्शियमची बाटली, मानेच्या शिरेतून. पण घाई केलीत तर हृदय बंद पडून गाय तिथंच जाईल, म्हणून एका हातात बाटली आणि कानाला स्टेथोस्कोप लावून थेंबाथेंबाने सोडायची. अर्धी बाटली जाते न जाते तोवर गाईच्या अंगावर शिरशिरी येते. नाकपुडीवर घामाचे बारीक थेंब दिसतात. ढेकर देते. शेण टाकते. आणि बऱ्याचदा बाटली संपून सुई काढेपर्यंत गाय ढुंगण वर करून उभी! मेलेलं म्हणून सोडलेलं जनावर तासाभरात वैरणीला तोंड लावतं.

माझा एमडी झालेला मित्र मधुमेह आणि रक्तदाब सांभाळतो. त्याचं काम मोठंच आहे, पण त्याला असं डोळ्यादेखत फळ रोज बघायला मिळत नाही. मला मिळतं. मी ह्यासाठी जातो, लपवत नाही.

दुसरं म्हणजे म्हशीचा पीळ. म्हैस अडते, कळा देते, पण वाट उघडत नाही. हात घातला की कळतं, गर्भाशयच पिळवटलंय. पीळ उजवा की डावा हे बोटांनी ओळखायचं, त्याच कुशीवर म्हैस पाडायची, पोटावर फळी ठेवून त्यावर एका माणसाला उभं करायचं आणि दोर धरलेल्या सात-आठ जणांनी म्हैस पिळाच्याच दिशेने लोळवायची. पीळ सुटला की आत हाताला मोकळी वाट लागते. तिथं एक्स-रे नाही, सोनोग्राफी नाही. तुमची बोटं आणि गावातली आठ माणसं, ज्यांना तुम्हीच हुकूम द्यायचा. उशीर झालेला असला तर फळी लावूनही काही होत नाही, मग सिझेरियन, तेही वासरू बहुधा मेलेलं. हेही तिने ऐकून ठेवावं.

रोगी बोलत नाही याची सगळे कीव करतात. मला उलट त्यातच गोडी वाटते. शेण बघा, रवंथ बघा, गव्हाणीत काय उरलंय बघा, मालकाने काय सांगितलं आणि काय दडवलं ते ओळखा. तपास करायची आवड असेल त्याला हा धंदा कधी शिळा होत नाही.

खडूस_काका

वरचा प्रतिसाद झकास. आता दुसरी बाजू. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालोय.

डॉक्टरसाहेबांनी रात्री दोनचा फोन सांगितला नाही. 'दुधाचं बिल आलं की देतो' सांगितलं नाही. आधी गावातल्या तिघांनी वासराचे पाय ओढून ओढून म्हैस फाडून ठेवलेली असते आणि मग तुम्हाला बोलावतात, तेही सांगितलं नाही. सरकारीत गेलात तर जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर मोबाईलमध्ये भरता भरता दुपार होते. विम्याचं पोस्टमॉर्टेम भर उन्हात. आणि हातमोजे न घालता वार (व्याल्यानंतर आत अडकलेली झार) काढायची सवय असलेल्या माझ्या पिढीतल्या कित्येकांनी ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणारा रोग, अंगावर काढला. ताप येतो-जातो, सांधे कायमचे धरतात.

समाधान मिळतं, नाही म्हणत नाही. पण ते पगारात धरलेलं नाही आणि त्याच्या नावावर तुम्हाला फुकट राबवायला सगळे टपलेले असतात. मुलीला पहिल्या दिवसापासून फी मागायला शिकवा.

शेपटीवाले_पेशंट

काकांशी सहमत, विशेषतः फीबद्दल. मी पुण्यात कुत्र्या-मांजरांचं क्लिनिक चालवते.

शहरातलं समाधान वेगळ्या चवीचं. आमच्याकडे पार्व्होची पिल्लं येतात, लस न दिलेली, रक्ताची जुलाब-उलटी करून चिंधी झालेली. पार्व्हो विषाणूला थेट मारणारं औषध हाताशी नाही. सलाईन, उलटी थांबवणं, दुसरा संसर्ग होऊ न देणं, ऊब, आणि वाट बघणं. काही जातात. जे चौथ्या-पाचव्या दिवशी उठून वाटीतलं पाणी स्वतः चाटतं, त्याच्यासाठी क्लिनिकमधली सगळी मंडळी काम सोडून बघायला येतात. दुसरं आवडतं काम पायोमेट्राचं. वयस्क कुत्री, गर्भाशयात पू भरलेला, पाणी पाणी करतेय, खात नाही. ऑपरेशन करून ती पिशवी काढली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बया घरच्यांच्या ताटावर डोळा ठेवून बसते.

एक गोष्ट मात्र तिला आधी विचारा. इथे येणारे बहुतेक जण 'मला प्राणी फार आवडतात' म्हणून येतात. आवडलेच पाहिजेत, पण प्रत्येक प्राण्यामागे एक माणूस येतो आणि खरं काम त्याच्याशी असतं. पैसे नाहीत म्हणून रडणारा, गूगल वाचून भांडणारा, रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर शीचा फोटो पाठवणारा. माणसांचा कंटाळा आहे म्हणून प्राण्यांकडे येणारी मुलं दोन वर्षांत मोडतात, असं मी पाहिलंय.

आणि शेवटचं इंजेक्शन. चौदा वर्षांचा लॅब्रेडॉर, हाडाचा कॅन्सर, कुटुंब भोवती बसलेलं. विचित्र वाटेल, पण माझ्या कामातल्या सगळ्यात नीट पार पडलेल्या गोष्टींत यातल्या काही वेळा येतात. दुखणं थांबवायची मुभा आमच्या शास्त्राला आहे, आणि ती घाई न करता, घरच्यांना पुरेसा वेळ देऊन वापरता येते. ज्या दिवशी अशा दोन केसेस होतात त्या दिवशी मी घरी कुणाशी बोलत नाही, हेही खरं.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार, लेक शेजारी बसून वाचतेय. खडूस काका, फीचं तिने वहीत लिहून घेतलं! सासूबाईंच्या शंकेवर कुणी ताई बोलतील का? गावात पोस्टिंग, रात्रीचं जाणं वगैरे.

तालुका_पोस्टिंग

मी बोलते. मराठवाड्यात पशुधन विकास अधिकारी आहे, उदगीरला शिकले.

ताकदीचा प्रश्न आधी संपवू. बैलाशी कुस्ती कुणीच जिंकत नाही, पुरुषही नाही. दोर कुठे टाकायचा, नाकात कसं धरायचं, कुठे उभं राहायचं याची युक्ती असते आणि ती शिकवतात. शेळी-मेंढी अडली की बारीक हात असलेला डॉक्टर लागतो, तिथे आमचीच सोय जास्त. रात्रीच्या कॉलला मी एकटी जात नाही. परिचर सोबत असतो किंवा मालक गाडी घेऊन येतो आणि परत सोडतो. हा माझा नियम गावाला पहिल्या महिन्यातच सांगून टाकला, कुणी वावगं म्हटलं नाही.

आता समाधान. बहुतेक घरांत धार काढायला, वैरण टाकायला, शेण काढायला बायका असतात. दादा सांगतात 'कालपासून खात नाही'. वहिनी सांगतात, 'परवा सांजच्याला पान्हा सोडला नाही, तवापासून ही अशी'. निदान त्या दुसऱ्या वाक्यात असतं. माझ्या आधी त्या बोलायला पुढे येत नव्हत्या, आता थेट मलाच फोन करतात. माज कसा ओळखायचा, कासेची दगडी (कास सुजून दूध नासणं) सुरू व्हायच्या आत दूध कसं तपासायचं, हे त्यांना शिकवलं आणि पुढच्या खेपेला त्यांनी मला आधीच सांगितलं, असं झालं की मी खूश.

गोठा_आणि_मी

मी डॉक्टर नाही, गोठेवाला. सहा गाई आहेत, संगमनेरजवळ. एक सांगू का? चांगली दुभती गाय आज लाखाच्या घरात जाते. ती गेली तर दुधाचा पगार थांबतो, सोसायटीचा हप्ता मात्र थांबत नाही. आमच्या डॉक्टरांना बायको राखी बांधते. मी हे भावनेच्या भरात सांगत नाही, ते आले नसते तर थोरल्याचं डिप्लोमाचं वर्ष गेलं असतं. डॉक्टर लोकांना हे माहीत असतं का, कुणास ठाऊक. तोंडावर कुणी सांगत नाही.

(उधारीबद्दल काकांनी लिहिलंय ते माझ्याबद्दल नसावं.)

काचपट्टी

सगळे गोठ्यातच रमलेत म्हणून माझी बाजू. मी रोगनिदान प्रयोगशाळेत आहे. आमचं समाधान म्हणजे काहीच न घडणं, त्यामुळे त्याचे फोटो निघत नाहीत.

बुळकांडी ऐकलीय? गुरांची जीवघेणी साथ. आजीला विचारा. गावंच्या गावं बैलांवाचून बसायची. भारत २००६ साली बुळकांडीच्या संसर्गातून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये ती जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. माणसांतल्या देवीनंतर पृथ्वीवरून हद्दपार झालेला हा दुसराच रोग, आणि ते काम पशुवैद्यकांच्या पिढ्यांनी पायी फिरून, लस टोचून केलं. तुमच्या मुलीने तो रोगी बघितलेला नसेल. तिच्या प्राध्यापकांपैकीही फार थोड्यांनी.

२०२२ ला गुरांचा लम्पी त्वचारोग राज्यभर पसरला तेव्हा मी बरेच आठवडे गावांत होतो. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना द्यायची, दाराशी जाऊन, बाजार बंद, आणि त्यात 'दूध पिऊ नका' अशी अफवा. लम्पी माणसाला होत नाही, हे सांगून सांगून घसा बसला. दमछाक झाली, जनावरंही गेली. पण लस वेळेत पोचलेल्या वाडीत आणि उशिरा पोचलेल्या वाडीत काय फरक असतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं. तेवढं मला पुरतं.

आणखी एक उदाहरण, कारण ते कुणी सांगत नाही. गिधाडं संपत आली ती जनावरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे. औषध दिलेलं जनावर मेलं की त्याच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, मेलोक्सिकॅम हा पर्याय मिळाला. गोठ्यात कुठली बाटली उघडायची याचा आकाशातल्या पक्ष्याशी संबंध असतो. असा विचार करायला आवडत असेल तर मुलीला इकडे पाठवा.

शिरवळ_तिसरं_वर्ष

ताईला माझ्याकडून थोडक्यात. पहिलं वर्ष जड जातं. माणसांच्या डॉक्टरला एकच शरीर असतं, आपल्याला गाय, घोडा, कुत्रा, डुक्कर, कोंबडी सगळ्यांची हाडं पाठ करायची. फॉर्मालिनच्या वासाने पहिल्या आठवड्यात मेसमध्ये जेवण जात नाही, मग जातं. एकूण साडेपाच वर्षं, त्यातलं शेवटचं एक इंटर्नशिपचं. आमच्या वर्गात गोठा न पाहिलेल्या मुली बऱ्याच आहेत आणि त्यातल्या दोघी गाभण तपासणीत सगळ्यांच्या पुढे आहेत. मी अजून समाधानापर्यंत पोचलो नाही, सध्या पॅथॉलॉजीपर्यंत पोचलोय.

माणदेशी_डॉक्टर

ताई, काय बघावं ते राहिलंच. तालुक्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयात सकाळी जाऊन बसा, रांग बघा. मग एखाद्या फिरत्या डॉक्टरबरोबर गाडीवर एक पूर्ण दिवस, जमलं तर पावसाळ्यातला, कारण हिवाळ्यातल्या गोठ्याचं कौतुक कुणीही करेल. मुंबईला जाणं झालं तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल बघा. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे आणि एकाच आवारात मोठी-छोटी सगळी जनावरं दिसतात. नारायणगावला जात असाल तर जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, आधी परवानगीचं विचारा. पण फक्त बिबट्या बघून निर्णय घेऊ नये. वन्यजीवांच्या जागा फार थोड्या आणि स्वप्न बघणारे पुष्कळ.

तिला घाण वाटते का, यावर जाऊ नका. घाण सगळ्यांनाच वाटते. घरी परतल्यावर ती 'त्या गाईला नेमकं काय झालं होतं' हे विचारते की नाही, एवढं बघा.

गोदाकाठची

पुढच्या आठवड्यात आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात जायचं ठरलं. दिरांना अजून सांगितलं नाही. तालुका_पोस्टिंग ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. अर्जाचं कुणी सांगेल का? एमबीबीएसच्या अर्जातच हे येतं का?

खडूस_काका

नाही येत. नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा, म्हणजे माफसूचा, वेगळा अर्ज भरावा लागतो. गुण नीटचेच धरतात. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ ही महाविद्यालयं त्यांच्याकडे. पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातल्या, त्यांचं समुपदेशन भारतीय पशुवैद्यक परिषद करते, तिथेही स्वतंत्र नोंदणी. तारखा संकेतस्थळावर रोज बघा, मागच्या वर्षीच्या धरून चालू नका. जातीचा, नॉन-क्रिमिलेअरचा दाखला लागणार असेल तर आत्ताच काढा.

आणि दवाखान्यात जाताना चपला घालून पाठवू नका. गमबूट घ्या.