लोखंड जळत नाही, पण वाकतं
लोखंडी खांबांना आगीपासून वाचवणारा, उष्णतेने फुगणारा रंग मिळतो. त्यावर एकांनी विचारलंय, ‘लोखंड काय जळतं का? मग त्या महागड्या रंगावर खर्च कशाला?’ जळत नाही, खरंय. पण ५५०-६०० अंश सेल्सिअसला त्याची जवळपास निम्मी ताकद जाते, आणि बंदिस्त गाळ्यातली आग तिथवर लवकर पोचते. हा फुगणारा रंग २०० अंशांच्या पुढे कोळशाच्या फेसासारखा फुलतो. मिलिमीटरभर थराचे काही सेंटिमीटर होतात आणि लोकांना बाहेर पडायला वेळ मिळतो.

नवी मुंबईत रबाळेला आमच्या गाळ्यात पोटमाळ्याचं काम झालं, तेव्हा कंत्राटदाराने जाड खांब आणि बारीक अँगल, दोन्हींना रंगाचे सारखेच हात मारले होते. उलट पातळ लोखंड लवकर तापतं, त्याला थर जाड लागतो! मी थराची जाडी मोजणारं गेज लावून मोजलं: अँगलवर हवे होते ९०० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), भरले ४००. सगळं पुन्हा करून घेतलं.

आपल्याकडे खाडीची दमट हवा, म्हणून प्रायमर (खालचा पहिला थर) त्या रंगाला चालणाराच हवा आणि वरून टॉपकोटही (शेवटचा संरक्षक थर). पावसाळ्यात घाईने काम उरकू देऊ नका. बिल देण्याआधी प्रत्येक सेक्शनवरच्या (खांब, अँगल वगैरे) रंगाच्या जाडीचा तक्ता मागून घ्या, आणि मोजताना स्वतः शिडीवर चढा.