आजीच्या डब्यातली नाणी: चांदीच्या भावात द्यावीत का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आजीच्या पितळी डब्यात २३ नाणी सापडली. १८६२चे चार राणीछाप रुपये, १९११चा पंचम जॉर्जचा एक, १९४० ते ४५ मधले काही आणि बाकी शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी). एकीवर 'श्री राजा शिव' जेमतेम वाचता येतं, इतर नुसत्या तांब्याच्या चकत्या.

सराफाने सरळ वजनावर भाव सांगितला. एक राणीछाप ११.६ ग्रॅम भरला, म्हणजे फार झिजलेला नसावा (मूळ वजन ११.६६). चाळीसनंतरच्यांत चांदी निम्मीच, ते ठीक. पण १९११च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली होती ना? तोही वजनावरच द्यायचा?

दोन राणीछापांना माळेसाठी कडी डाखलेली होती, तिचा डाग आहे. शिवाय आईने उत्साहाने एक चिंचेने घासून लख्ख केला! (बाकीचे मी लपवलेत.) अशांची किंमत कितपत उतरते? १८६२च्या रुपयांवरचे ठिपके (ज्यांवरून नाणं पाडल्याचं वर्ष ओळखतात) नेमके कुठे मोजायचे? फोटो उजेडात तिरपे काढू की सरळ? कडेचाही लागेल का? शिवराया मात्र विकायच्या नाहीत, त्या फक्त ओळखायच्या आहेत.