सिडनीत बुशवॉकिंग क्लबात नाव घातलंय, पहिले वॉक कुठले घेऊ आणि २५० डॉलरमध्ये काय काय घेऊ?

पर्वतीची_पायरी
नमस्कार मंडळी. पुण्याहून इथे येऊन दीड वर्ष झालं, वेस्टमीडला राहते. माझं वय ४७. पुण्यात असताना पंधरा वर्षं ट्रेकिंग केलंय, राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड, नाणेघाट वगैरे, ग्रुप ठरलेला होता, शनिवारी रात्री स्वारगेटला भेटायचं की निघालो. इथे आल्यापासून सगळं बंद. शेवटी मागच्या महिन्यात इथल्या एका बुशवॉकिंग म्हणजे रानातून पायी भटकायच्या क्लबात ट्रायल मेंबर झाले. सहा महिन्यांत तीन वॉक पूर्ण करायचे, त्यातला एक तरी मध्यम दर्जाचा, मग कमिटी पक्कं मेंबर करते.
आता मे ते ऑगस्टचा प्रोग्रॅम आलाय. त्यात रॉयल नॅशनल पार्कचे दिवसाचे वॉक आहेत, ब्लू माउंटन्समध्ये बरेच आहेत, दोन दिवसांचा समुद्रकाठचा कोस्ट ट्रॅक आहे, बुधवारचे सोपे वॉक आहेत आणि महिन्यातून एकदा बुश रीजनरेशन म्हणजे रानातलं तण काढायचं काम आहे (हे तीनमध्ये धरत नाहीत). यातलं काय घेऊ? आणि बूट, छोटी सॅक, पावसाचं जॅकेट मिळून २५० डॉलर, त्याच्या वर खरंच जायचं नाहीये, मुलगी यंदा बारावीला आहे आणि बाकी खर्च आहेत. नवरा येणार नाही, गुडघे.
खरं सांगायचं तर नुसतं चालायला मी एकटीही जाईन. मला माणसं हवी आहेत.

डोंगरभूत_पॅरामॅटा
ताई स्वागत. सगळ्यात आधी बूट, त्यात काटकसर करू नका. मी स्कार्पाचे लेदर बूट ३८९ ला घेतले, आठ वर्षं झाली, एकदा सोल बदललाय फक्त. जॅकेट गोअरटेक्सच घ्या, दुसरं काही इथल्या वाऱ्यात टिकत नाही. सॅक ऑस्प्रे. एकदाच खर्च होतो. आणि सोपे वॉक घेत बसू नका, तुमचा अनुभव आहे, थेट सिक्स फूट ट्रॅक करा, कटूम्बा ते जेनोलन, मी तीन दिवसांचा दोन दिवसांत केलाय.

कळसूबाईचा_भाचा
३८९ चे बूट + गोअरटेक्स + ऑस्प्रे = ताईंचं बजेट तीनदा संपलं, वाचलंत का वर? ताई, डनलॉप व्हॉली घ्या. साधे कॅनव्हासचे टेनिसचे बूट, पण ओल्या सँडस्टोनवर त्यांच्यासारखी पकड कुणाची नाही, इथले जुने लोक कॅनियनिंगला (अरुंद घळीतून पाण्यात उतरत जायला) तेच घालतात. आपल्याकडे कसे अ‍ॅक्शन ट्रेकिंग घालून अख्खा सह्याद्री झाला तसंच आहे हे. बारा वर्षं व्हॉलीतच चालतोय.

डोंगरभूत_पॅरामॅटा
व्हॉलीत घोट्याला आधार शून्य. माझ्या मित्राचा घोटा मुरगळला ब्लॅकहीथला, दोघांनी धरून वर आणला.

कळसूबाईचा_भाचा
घोटा बुटामुळे नाही मुरगळत, पाय कुठे टाकतो त्यामुळे मुरगळतो. रतनगड कुणी लेदर बुटात चढलंय का?

सुगरण_हॉर्न्सबी
मी दोन्ही वापरलेत आणि दोन्हीत चालता येतं. पण मला वेगळंच सांगायचंय. क्लबात साडेदहाला मॉर्निंग टी म्हणून सगळे थांबतात, डबे निघतात, एकमेकांना देतात. पहिल्या वॉकला मी घरी केलेली शेंगदाण्याची चिक्की फिरवली आणि एका बाईंना दाण्यांची इतकी कडक अ‍ॅलर्जी होती की त्यांनी लगेच एपिपेन (अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) हातात काढून ठेवलं. त्यांनी खाल्ली नव्हती, काही झालं नाही, पण माझे हातपाय गार पडले. आपल्याकडे दाण्याचं कूट कशात नसतं? तेव्हापासून आधी विचारते, आणि खजूर-तिळाच्या वड्या नेते. ताई हे बुटापेक्षा महत्त्वाचं आहे.

उतार_आधी
सह्याद्रीतून येणाऱ्याला इथे एकच गोष्ट नीट समजून घ्यायला लागते आणि ती कुणीच सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. आपल्याकडे गाव पायथ्याला, गड वर. आधी दम काढून चढायचं, दुपारी उतरायचं, थकलो तरी घर खालच्या बाजूला असतं. ब्लू माउंटन्समध्ये उलटं आहे. गाव, स्टेशन, गाडी सगळं पठारावर, वाट सुरूच होते ती दरीत उतरत. सकाळी ताज्या पायांनी तुम्ही मजेत खाली जाता आणि संध्याकाळी संपूर्ण चढ समोर उभा असतो, पाणी संपत आलेलं, जिने ओले. माझ्या पहिल्या वॉकला मी हेच चुकलो, वेंटवर्थ फॉल्सला खाली धबधब्याशी दोन तास रमलो आणि वर यायला अंधार झाला. जूनमध्ये इथे पाचच्या आत सूर्य मावळतो. म्हणून २५० मधले २५-३० डॉलर हेडटॉर्चला ठेवा, ते बूट-जॅकेटच्या आधी. पाणी थंडीतही तीन लिटर.
आणि बूट पुण्याचे चांगले असतील तर तेच घाला.

मटण_बंद_झालेला
उतार_आधी यांच्याशी सहमत, हेडटॉर्च हवाच. पण गोचीड! कुणीच बोललं नाही. मी नॉर्दर्न बीचेसला राहतो, चार वर्षांपूर्वी वॉकवरून आल्यावर काखेत गोचीड सापडली, चिमट्याने ओढून काढली. पुढे दोन-तीन महिन्यांनी रविवारी मटण खाल्लं आणि मध्यरात्री अंगभर गांधी, श्वास लागला, इमर्जन्सीत गेलो. डॉक्टरांनी सांगितलं की गोचिडीच्या चाव्यामुळे लाल मांसाची अ‍ॅलर्जी होते आणि सिडनीच्या या पट्ट्यात ती चांगलीच माहितीची आहे. तेव्हापासून मटण कायमचं बंद. मी कोल्हापूरचा आहे.

सुगरण_हॉर्न्सबी
अरे देवा. पांढरा रस्सा पण नाही?

मटण_बंद_झालेला
काहीच नाही. कोंबडी आणि मासे चालतात.

डोंगरभूत_पॅरामॅटा
गोचीड चिमट्याने मुळापासून धरून काढली की काही होत नाही. आमच्या गावी म्हशींच्या अशाच काढतात.

मटण_बंद_झालेला
नाही हो, इथे तसं करू नका. इथल्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट आहे, मोठी गोचीड जागच्या जागी गोठवून मारायची, त्यासाठी केमिस्टकडे फ्रीझ स्प्रे मिळतो, बारीक असली तर पर्मेथ्रिनचं (कीटक मारणाऱ्या औषधाचं) क्रीम. घरातला चिमटा लावला की ती दाबली जाते आणि लाळ आत सोडते. म्हशीचं सोडा, मी स्वतः भोगतोय. स्प्रे १५ डॉलरच्या आसपास येतो, २५० मध्ये तो धरा.

कळसूबाईचा_भाचा
जळवांचं काय मग? चांदोलीला आम्ही तंबाखूचं पाणी लावायचो.

सुगरण_हॉर्न्सबी
मीठ. छोट्या डबीत मीठ ठेवा. जळू निरुपद्रवी आहे, रक्त वाहतं तेवढंच.

घाटवाट_७०
सापाचंही सांगून टाकतो. इथे साप चावला तर जखम धुवायची नाही, चिरायची नाही, वर आवळून दोरी बांधायची नाही. रुंद इलॅस्टिक बँडेज पूर्ण हातापायाला घट्ट गुंडाळायचं, काठी लावून अवयव स्थिर करायचा, माणसाला एक पाऊलही चालू द्यायचं नाही, आणि इमर्जन्सीला ००० वर फोन. फनेल-वेब कोळ्यालाही हेच. सॅकमध्ये अशी दोन बँडेजं पाहिजेतच.
बाकी मला एक खटकतं. आपण याला ट्रेकिंग का म्हणतो? बुशवॉक वेगळा. ट्रेकमध्ये शिखर किंवा गड गाठायचा असतो. इथे रान हेच जायचं ठिकाण.

डोंगरभूत_पॅरामॅटा
शब्दांचा कीस काढून काय होणार. मी कोझियस्को केलाय, २२२८ मीटर, कळसूबाई १६४६. शिखर ते शिखर.

कळसूबाईचा_भाचा
कोझियस्कोला थ्रेडबोहून चेअरलिफ्टने वर गेलात ना? वर जाऊन-येऊन १३ किलोमीटर जवळपास सपाट चाल आहे, लोखंडी जाळीची वाट आहे. कळसूबाई बारीतून पायी चढायला लागतं.

घाटवाट_७०
असो. मी शब्दावरून बोललो त्याला कारण आहे. १९३१ च्या ईस्टरला काही बुशवॉकर ग्रोज खोऱ्यात ब्लू गमच्या (उंच निलगिरीच्या झाडांच्या) रानात मुक्कामाला होते, तिथे त्यांना एक माणूस भेटला, त्याच्याकडे त्या जमिनीचा भाडेपट्टा होता आणि ती झाडं तोडून तो अक्रोड लावणार होता. या लोकांनी क्लबाक्लबांतून पैसे जमवले, मंदीचे दिवस, आणि १३० पौंड देऊन त्याला पट्टा सोडायला लावला. आज ते रान ब्लू माउंटन्स नॅशनल पार्कात उभं आहे. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा त्या सरळ पांढुरक्या बुंध्यांमध्ये बराच वेळ नुसता उभा राहिलो. क्लब म्हणजे नुसता गाडीखर्च वाटून घेणारा ग्रुप नाही हे मला तिथे कळलं.

पर्वतीची_पायरी
सगळ्यांचे आभार. मटण_बंद_झालेला, वाचून फार वाईट वाटलं. घाटवाट, ब्लू गमचं माहीत नव्हतं, यादीत घेतलं. बजेट अजून २५० च आहे. पुण्याचे बूट आहेत, सोल ठीक आहे. जॅकेटचं कुणी सांगेल का?

नवीन_इथे
बूट मात्र चांगले घ्या हो ताई, त्यात काटकसर नको.

आल्डी_ताई
आल्डी सुपरमार्केटमध्ये दरवर्षी मे महिन्यात स्नोचे कपडे येतात, सकाळी दार उघडायच्या आधी रांगेत उभं राहा, मी आख्ख्या घरासाठी घेतलेत.

उतार_आधी
आल्डीचे मेरिनोचे आतले कपडे उत्तम, जरूर घ्या. पण ते स्नो जॅकेट चालायला घेऊ नका, अस्तराचं असतं, चढावर आतून घामाने भिजता आणि थांबलात की थंडी भरते. अस्तर नसलेलं साधं पावसाचं जॅकेट, मॅकपॅक किंवा काथमांडू या दुकानांच्या सेलमध्ये बघा, सेल सतत असतो.

नाव_नको
मी एका क्लबाला कंटाळून सोडलं. ट्रेन चुकली म्हणून सात मिनिटं उशिरा पोचले तर लोक निघून गेलेले. दुसऱ्या वेळी फोनवर लीडरने मी याआधी काय केलंय याची दहा मिनिटं चौकशी केली, हरिश्चंद्रगड सांगून त्यांना काय कळणार? पाच वॉक केले, कुणी घरी बोलावलं नाही. माणसं हवी असतील तर ताई आपलं मराठी मंडळ बरं.

अकरा_वर्षं_मेंबर
नाव_नको, तुम्हाला एकटं वाटलं ते खरं आहे, माझंही पहिलं वर्ष तसंच गेलं. पण लीडर चौकशी करतो कारण दरीत काही झालं तर सगळी जबाबदारी त्याची असते. त्याला गडांची नावं सांगू नका, किती किलोमीटर, किती मीटर चढ, किती तास हे सांगा, लगेच कळतं.
पर्वतीची_पायरी, वर्ष कसं असतं ते सांगते. आपला सीझन पावसाळा, इथला खरा सीझन हिवाळा. मे-जूनपासून हवा गार, साप थंडावलेले. जून-जुलैत कोस्ट ट्रॅकवरून हंपबॅक व्हेल उत्तरेला जाताना दिसतात, क्रोनुलाहून फेरीने बंडीनाला उतरायचं, २६ किलोमीटर चालून ऑटफर्डला ट्रेन, मुक्काम नॉर्थ एराला, त्याचं बुकिंग लागतं. त्याच दिवसांत ओल्या दऱ्यांमध्ये लायरबर्ड गातो, दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज एकामागून एक काढतो, आमचा लीडर तेव्हा सगळ्यांना गप्प उभं करतो. ऑगस्टला वॉटल (बाभळीच्या जातीचं झाड) पिवळा होतो, सप्टेंबरमध्ये वराटाचं लाल फूल फुलतं, नोव्हेंबरपासून कॅनियनिंग, डिसेंबरला नदीकाठी पार्टी. जानेवारीत ऊन आणि वणवे, टोटल फायर बॅन असला की पार्कात गॅसचा स्टोव्हही पेटवायचा नाही, मग दशम्या आणि चटणीच कामाला येते. २०१९-२० च्या वणव्यांच्या वेळी आमचे कितीतरी महिन्यांचे वॉक रद्द झाले, पण आम्ही दर बुधवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी भेटत राहिलो. त्या बुधवारांनी मला क्लबाचं केलं.
एकटी गेलीस तर पीएलबी (अडचणीत उपग्रहावरून मदत बोलावणारं छोटं यंत्र) बरोबर ठेव, ब्लॅकहीथच्या पार्क ऑफिसात आणि कटूम्बा पोलीस स्टेशनात फुकट मिळतो. माझं मत: कोस्ट ट्रॅकचा दोन दिवसांचा घे, रात्रभर एकत्र राहिलं की ओळखी होतात.

डोंगरभूत_पॅरामॅटा
कोस्ट ट्रॅक उत्तम. पण बूट बघा.

नाव_नको
तण काढायचं काम मात्र घेऊ नका, तीनमध्ये धरत नाहीत, रविवार फुकट.

कळसूबाईचा_भाचा
हे मात्र बरोबर. आधी तीन पुरे करा.

पर्वतीची_पायरी
ठरवलं, सांगते. पुण्याचेच बूट. हेडटॉर्च २९, फ्रीझ स्प्रे १६, दोन बँडेजं २२, सेलमधलं साधं जॅकेट ८९. सॅक मुलीची जुनी शाळेची. एकूण १५६.
आणि पहिला रविवार बुश रीजनरेशनलाच गेले, रागावू नका. प्रोग्रॅममध्ये लँटाना काढायचं लिहिलं होतं, मी फोटो बघितला तर आपली घाणेरी! तळजाईच्या टेकडीवर लहानपणी जिची फुलं तोडून मध चोखायचो तीच. लेन कोव्हच्या काठाला अख्खा उतार तिने भरलाय. सगळे मिळून नऊ जण, सगळ्यांत लहान मी. मुळाशी कसं कापायचं, कुठलं रोप देशी म्हणून सोडायचं हे सत्तरीच्या एका आजींनी मला गुडघ्यावर बसून शिकवलं. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडेही हिने डोंगर गिळलेत, तर त्या म्हणाल्या मग तुला हात बसलेला असणार. चार तास एकाच जागी सगळे, त्यामुळे सगळ्यांशी बोलणं झालं, वॉकवर रांगेत पुढच्याची पाठच दिसली असती. पुढच्या महिन्यात परत जाणार आहे. त्यातल्या दोघी बुधवारच्या वॉकला येतात, म्हणून माझ्या तीन वॉकमधले दोन बुधवारचे सोपे आणि एक मध्यम, ऑफिसला रजा टाकीन. कोस्ट ट्रॅक पुढच्या वर्षी.
खजूर-तिळाच्या वड्या नेल्या होत्या, आधी विचारून. डबा रिकामा आला.

मटण_बंद_झालेला
ताई घाणेरीच्या जाळीत गोचिडी फार असतात. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आणि घरी आल्यावर कानामागे, काखेत, केसांत कुणाकडून तरी नीट बघून घ्या. आज रात्रीच बघा.