मदत हवी आहे: 'स्टोक्ड'ला आपल्यात काय म्हणायचं?

मंडळी, जरा मदत करा. भाचा ऑस्ट्रेलियात शिकायला आहे, काल रात्री फॅमिली ग्रुपवर त्याचा मेसेज आला की जॉब लागला, 'आय ॲम सो स्टोक्ड'. आमच्या आईनं चष्मा न लावता वाचलं स्ट्रोक, मग काय, रडारड, फोनाफोनी, आणि हा गडी तिकडं निवांत झोपलेला.

नंतर डिक्शनरी बघितली तर लै एक्साइट झालोय असा अर्थ निघाला. मूळ डच शब्द स्टोकन, म्हणजे जाळ घालणं, त्यावरनं इंग्रजीत स्टोकर, वाफेच्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा, आणि १९५०-६० च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या सर्फिंगवाल्या पोरांनी स्टोक्ड हा शब्द खुशीसाठी वापरायला घेतला. म्हणजे आपल्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारत बसतो तो स्टोकर, आणि वर काहिलीत उकळ्या मारणारा रस म्हणजे आमचा भाचा! मला तर एकदम पटलं.

आता प्रश्न असा की मराठीत काय म्हणायचं? 'उत्साही' लै मिळमिळीत वाटतं. 'पेटलाय' जवळचा आहे पण आपल्याकडं माणूस इरेला पण पेटतो, भांडायला पण. 'जाळ अन् धूर संगटच' मधे जाळ आहे खरा, पण ते स्वतःबद्दल कोण म्हणतं का? आणि इंग्रजीत हा 'स्टोक्ड' शब्द ऑफिसच्या मेलमधे चालतो का फक्त दोस्तांत? पोरगं तिकडच्या साहेबाला पण तसंच लिहिणार म्हणतंय. कुणाला माहीत असेल तर सांगा, आईला पण समजावून सांगायचंय.